हाडांची विहीर

वसईजवळच्या सांडोरच्या चर्चमागे जागा थोडी आणि मरणारी माणसं पुष्कळ. त्यामुळे तिथे मेल्यावरही कायमचं घर मिळत नाही, भाड्याचंच मिळतं. दोन-तीन वर्षं मातीत निजायचं, मग पुढच्यासाठी खड्डा मोकळा करून द्यायचा. उरलेली हाडं घरच्यांनी उचलायची, धुऊन-पुसून पांढऱ्या कपड्यात घ्यायची, आणि भिंतीतला कप्पा घेतलेला असेल तर पेटीत घालून त्यात ठेवायची, नसेल तर कोपऱ्यातल्या विहिरीत सोडायची. विहीर आपली नावाला. तिला पाणी कधी नव्हतंच. तिच्यात गावच्या किती पिढ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या आहेत ते देवाला ठाऊक. जन्मभर एका चुलीवर ज्यांचं पटलं नाही त्या सासवा-सुना तिथे गुण्यागोविंदाने नांदतात, असं गावातले लोक थट्टेने म्हणतात.

ज्युलिएटच्या आयला, व्हेरोनिकाला, मात्र कप्पा मिळाला होता. भिंतीच्या मधल्या रांगेत, हात सहज पोचेल असा. वर संगमरवराची पाटी, पाटीवर नाव आणि लाल लुगड्यातला फोटो. हे सगळं जेन्सनने केलं होतं. जेन्सन म्हणजे ज्युलिएटचा धाकटा भाऊ, मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतला डॉक्टर. पण सुया टोचणारा डॉक्टर नव्हे. माणसाचा माणूस कसा झाला आणि झाल्यावर तो आपले मेलेले कसे पुरू लागला, हे शोधणं त्याचं काम. हजारो वर्षांपूर्वीच्या बायाबापड्यांची हाडं उकरायची, मोजायची आणि त्यांच्याकडून त्यांचा संसार वदवून घ्यायचा. ज्युलिएटला त्यातलं फार कळत नसे, पण अभिमान मात्र अंगात मावत नसे.

आयचा खड्डा उघडला त्या दिवशी ज्युलिएट सिमेटरीच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आयला तिने अंगाखाली हात घालून उठवलं-बसवलं होतं. तिची आता हाडं बघायची, हे तिला झेपेना. जेन्सनने तिच्या हातातला पांढरा कपडा घेतला. "तू घरी जा, बाय. माझं रोजचं काम आहे हे. आयला मी नीट ठेवतो."

ती घरी गेली. संध्याकाळी आली तेव्हा कप्पा बंद झाला होता आणि सिमेंट ओलं होतं. भाऊ असावा तर असा, असं ती त्या दिवशी मनात म्हणाली, आणि पुढे कित्येक वर्षं दर सोमवारी वाडीतली फुलं घेऊन त्या कप्प्यापुढे उभी राहिली. फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची, रोझरी म्हणायची, आणि मग आठवड्याभराचं सगळं सांगायचं. केळीला घड कसा धरलाय, वाळत घातलेल्या सुकेळ्यांना यंदा ऊन कसं पुरलं नाही, सून काय बोलली. सुनेचं जरा जास्तच सांगायची.

जेन्सनने एकदा चर्चच्या हॉलमध्ये भाषण केलं होतं. तो म्हणाला होता, माणसाने आपलं मेलेलं माणूस उघड्यावर टाकायचं सोडलं, खड्डा खणून त्याला गुडघे पोटाशी घेऊन निजवलं, त्या दिवशी तो जनावरापासून वेगळा झाला. ज्युलिएटने हे वाक्य पाठ केलं आणि वसईच्या बाजारात भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला ऐकवलं. दुधी घ्यायला आलेल्या बाईला माणसाचा इतिहास फुकटात मिळायचा.

घरात या सगळ्याचं कौतुक नव्हतं ते एकट्या बाला, म्हणजे तिच्या बापाला, मायकलला. म्हातारा कप्प्यापुढे कधी उभा राहिला नाही. ज्युलिएट रोझरी म्हणायची तेव्हा तो लांब विहिरीच्या कठड्यावर बसून राहायचा. शेवटच्या आजारात त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "मला कप्प्यात नको ठेवू, पोरी. मला विहिरीत सोड. सगल्यांच्यात."

ज्युलिएटला ते फार लागलं. पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या शेजारी या माणसाला निजायचं नाही? तिने त्याला वचन दिलं नाही. बा गेला, मातीत निजला, आणि तिने मनाशी पक्कं केलं की खड्डा उघडेल तेव्हा बाला आयच्याच पेटीत ठेवायचं. आयुष्यभर आय त्याच्या पुढे डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला चालली, आता तरी दोघं बरोबर राहू देत. या एका गोष्टीवर तिचा जीव अडकला होता.

यंदा चर्चमधून निरोप आला की मायकलचा खड्डा हवा आहे. जेन्सन म्हणाला, रविवारी येतो. त्याच आठवड्यात मुंबईत त्याचं प्रदर्शन उघडलं होतं, माणसाची वाटचाल दाखवणारं. त्याने बहिणीला काही बोलावलं नव्हतं. पण पेपरात फोटो आला, आणि भावाचा फोटो पेपरात आल्यावर ज्युलिएट काय घरी बसणार! तिने आळीतल्या बायका जमवल्या, मिनीबस ठरवली, फ्लोराकाकीने ठेवणीतलं लाल लुगडं काढलं, आणि इंग्रजी वाचून दाखवायला शर्लिन नावाची शेजारची कॉलेजातली मुलगी बरोबर घेतली.

पहिल्या दालनात माकडांच्या कवट्या होत्या. बायकांनी त्यात गावातली तोंडं शोधली आणि हसून घेतलं. दुसऱ्या दालनात जुनी दफनं होती. गुडघे पोटाशी घेतलेली एक बाई, हातात शिंपल्याचं कांकण, उशाशी मडकं. ती गुजरातेकडच्या एका जुन्या वस्तीत सापडली होती. तिच्या शेजारी तसल्याच काचेखाली आणखी एका बाईची हाडं मांडली होती. नुसते मानेचे मणके, कवटी आणि खालचा जबडा, खाली काळी मखमल.

शर्लिन वाचू लागली. "आंटी, हे खूप इंटरेस्टिंग आहे. ही दुसरी बाई आपल्या काळातली आहे. कोकण किनारा, वय सत्तरच्या वर. लाइफभर डोक्यावर ओझं वाहिलं म्हणून तिच्या मानेची हाडं अशी दबलीत. आणि त्या जुन्या बाईची पण सेम तशीच दबलीत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी पण बायका डोक्यावरून ओझी न्यायच्या. हे सरांनी शोधलं. नाव नाही दिलंय तिचं."

"आपल्यासारखीच कोन तरी असंल," फ्लोराकाकी म्हणाली आणि स्वतःची मान चोळत पुढे गेली.

ज्युलिएट पुढे गेली नाही. ती जबड्याकडे बघत होती. जबड्यात तीनच दात होते. डावीकडे दोन, एकमेकांवर पाय टाकून बसल्यासारखे तिरके, आणि उजवीकडे एक, आतल्या बाजूने टवका उडालेला. दोन वर्षं रोज सकाळी ज्युलिएटने बोटाला ओला कपडा गुंडाळून हे तीन दात पुसले होते. त्या टवक्यात कपड्याचा धागा अडकायचा आणि आय तोंड मिटून तिचं बोट धरून ठेवायची, लहान मुलासारखी, गंमत म्हणून. तो टवका तिने डोळ्यांनी फार वेळा पाहिला नव्हता, पण तिच्या बोटाला तो पाठ होता.

नसेल, ती स्वतःला म्हणाली. जगात म्हाताऱ्या काय कमी आहेत, आणि दात काय कुणाचेही तिरके असतात.

तेवढ्यात जेन्सन आला. कोट घातलेला, मागे दोन पाहुणे. बहिणीला बघून तो एक क्षण थबकला, मग हसला. "बाय, तू? सांगायचं नाही का मला. आवडलं?"

"ही कोन?" तिने काचेवर बोट ठेवून विचारलं.

तो पाहुण्यांकडे वळून बोलला, पण मराठीतच, तिलाही कळावं म्हणून. "हिच्यामुळे माझं सगळं काम उभं राहिलं. ही नसती तर माझं म्हणणं कुणी ऐकलंच नसतं."

"पन कोन ती?"

"कोणी नाही, बाय. एक नमुना आहे तो. चल, तुला गुहेतली चित्रं दाखवतो."

तिने चित्रं पाहिली. चहाही घेतला. परतीच्या वाटेवर बायका गाणी म्हणत होत्या आणि ज्युलिएट टाळ्या वाजवत होती, कारण नाही वाजवल्या तर कुणी तरी विचारलं असतं. बोलण्याआधी तिला खात्री हवी होती. खरं सांगायचं तर तिला आपण चुकलो असल्याची खात्री हवी होती.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली सकाळची मिस्सा संपल्यावर तिने फादर रॉबर्टना सांगून ठेवलं की बाला ठेवण्याआधी आयची पेटी बघायची आहे, आणि सिमेटरी सांभाळणाऱ्या सुधाकरला बोलावलं. त्याने छिन्नीने पाटी सोडवली आणि पेटी काढून दगडावर ठेवली. झाकण ज्युलिएटने उघडलं. आत तिनेच दिलेला पांढरा कपडा होता. कपड्यात हाडं होती, कवटी होती, आणि जबडाही होता. जबड्यात दात होते. जवळजवळ सगळे. एका ओळीत, किडका एकही नाही. कोणी तरी भर वयात गेलेलं माणूस होतं ते.

एवढा मोठा जाणकार, हाडावरून वय, उंची, काम सगळं सांगणारा. त्याच्या तोडीच्या माणसाला फसवायचं असतं तर त्याने शोधून म्हातारीचीच हाडं घातली असती. पण बहिणीला फसवायचं होतं. तिच्यासाठी हाताला लागतील ती चालली. फसवायलासुद्धा त्याने कष्ट घेतले नाहीत, हे ज्युलिएटला पहिल्यांदा लागलं. बाकीचं त्यामागून आलं. इतकी वर्षं ती कुणाला फुलं वाहत होती? सुनेचं गाऱ्हाणं कुणाला सांगत होती? बाजारात ज्या भावाचं नाव घेताना तिची छाती फुगायची, त्याने केसाने गळा कापला होता. ती तिथेच मातीत बसली आणि मोठ्याने रडली. सुधाकर बिचारा छिन्नी हातात घेऊन दुसरीकडे बघत उभा राहिला.

रविवारी जेन्सन वेळेवर आला. बाचा खड्डा सुधाकरने उघडून ठेवला होता. काठावर पाण्याची कळशी होती आणि नवा कपडा होता. जेन्सनच्या एका हातात रबरी हातमोजे होते आणि दुसऱ्या हातात आतून मऊ अस्तर लावलेली चपटी पेटी. भिंतीतला कप्पा उघडा दिसला तसा तो जागेवर थांबला.

"आय कुठे हाय, जेन्सन?"

त्याने हातमोजे खिशात घातले, पुन्हा काढले. मग म्हणाला, "तू ओळखलंस."

"मी विचारलं, कुठे हाय. काचेत हाय ते मी बगितलं. बाकीची?"

"संस्थेत आहे. नीट आहे, बाय. इथल्यापेक्षा नीट. थंड खोलीत, कपाटात..."

"आनि ही कोन?" तिने दगडावरच्या पेटीकडे हात केला.

"विहिरीच्या तोंडाशी वरच होती ती. कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही." तो आता भरभर बोलू लागला. अडचणीत आला की तो घरच्या बोलीवर यायचा, तसा आला. "माझं ऐक ना गो. हाडं सगल्यांकडे हायत, पन त्या हाडांचं आयुष्य कोनाला ठाऊक नाय. ही बाई काय खायची, किती ओझं न्यायची, कोनत्या वयात आजारी पडली, सगलं ठाऊक असलेलं मानूस मला हवं होतं. आयचं मला सगलं ठाऊक होतं. परत आननार होतो मी. मग त्यावर निबंध निघाला, लोक बगायला यायला लागले, आनि मग संस्थेच्या नोंदीत गेली ती. माझ्या हातात राहिलं नाय."

"घरच्यांना विचारावं लागत नाय?"

"लागतं. मी घरचाच ना. मुलगा."

"आनि मी?"

जेन्सनने खाली बघितलं. "तुला विचारलं असतं तर तू नाय म्हनाली असतीस."

किती साधं उत्तर! ज्युलिएटला वाटलं होतं तो खोटं बोलेल, रडेल, निदान चुकलो म्हणेल. पण तो खरं बोलत होता. नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. तिला फाटकावरून घरी पाठवलं तेव्हा तो तिचं दुःख हलकं करत नव्हता, तिला वाटेतून बाजूला काढत होता. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुठे!

"बाला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"नंतर सांगितलं मी. खूप दिवसांनी. काही बोलला नाय तो."

म्हणजे बासुद्धा. आयच्या मागे उरलेल्या तिघांत दोघांना ठाऊक होतं, आणि तिसरी मेणबत्त्या लावत होती. म्हातारा लांबून तिला त्या कप्प्यापुढे गुडघे टेकताना बघायचा आणि तोंड उघडायचा नाही. का नाही सांगितलंस, बा? मुलाची अब्रू राखायला? ज्युलिएट उघड्या खड्ड्याकडे बघून मनात त्याला बोलत राहिली. या क्षणी तिला दोघांतला कुठला पुरुष जास्त परका वाटत होता ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती गप्प बसली ते जेन्सनला बरं लक्षण वाटलं. माणसं शिकतात तसतशी हुशार होतात म्हणतात, पण गप्प बसलेल्या बहिणीचा अर्थ लावायला तो कुठेच शिकला नव्हता. तो जवळ आला आणि हळू आवाजात, जुळवून घेतल्यासारखा म्हणाला, "आता तुला कळलंच हाय तर एक बोलू? बाचे खांदे आनि पाठीचे मनके, एवढंच. नवरा-बायको, एका घरातली, एका ताटातलं खाल्लेली, त्याने रहाट ओढला, तिने पाटी वाहिली. असं जोडपं जगात कोनाकडे नाय, बाय. बाकीचा बा तू ठेव कप्प्यात. आनि तिथे संस्थेत ती दोघं एकत्रच राहतील. तुला तेच हवं होतं ना?"

तेव्हा ज्युलिएटला बा काय म्हणाला होता ते कळलं. आयशेजारी निजायचं नव्हतं म्हणून तो विहीर मागत नव्हता. कप्प्यात आय नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि आपल्या मुलाचा हात कुठपर्यंत पोचतो हेही ठाऊक होतं. विहिरीत एकदा सोडलं की हजार माणसांतून मायकल कुठला हे कुठल्याही डॉक्टरला निवडून काढता येणार नव्हतं. म्हातारा पोटच्या पोरापासून लपायला जागा शोधत होता. आणि ती त्याच्यावर रुसली होती.

तिने पदर खोचला. जेन्सन हातमोजे घालून पुढे झाला तशी ती म्हणाली, "तू लांब उभा राहा." ती स्वतः खड्ड्यात उतरली. सुधाकरने वरून हात दिला. ज्या हातांना आयची हाडं उचलायची हिंमत झाली नव्हती त्याच हातांनी तिने बाला एकेक करून वर दिला. मग काठावर बसून कळशीतल्या पाण्याने धुतला. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. रहाटाला आणि केळीच्या घडांना लागलेले ते खांदे धुताना ती हळू आवाजात रोझरी म्हणत होती. जेन्सन बघत होता.

कपडा उचलून ती विहिरीकडे गेली. सुधाकरने वरचं झाकण सरकवलं. ज्युलिएटने कपड्याची एक बाजू सोडली. आतून कोरडा आवाज आला आणि थांबला. झाकण परत बसेपर्यंत ती तिथे उभी राहिली.

मग तिने दगडावरची पेटी घेतली. त्या परक्या हाडांना तिने पुन्हा नीट कपड्यात गुंडाळलं आणि कप्प्यात ठेवून दिलं. पाटीवर नाव दुसरीचं होतं, पण त्यात तिचा काय दोष. एवढी वर्षं तिने ज्युलिएटचं सगळं ऐकून घेतलं होतं, कुठे बोलली नव्हती. घरच्या माणसांपेक्षा ती बरी निघाली.

"मी प्रयत्न करतो," जेन्सन मागून म्हणाला. "आयला परत आनायचा. समिती असते, तिच्यापुढे ठेवावं लागतं. वेळ लागेल."

"आन. ती येईपर्यंत घरी येऊ नको."

"बाय, झालं ते झालं. आय-बाची आपन दोघंच उरलो आता. उद्या तुला काय झालं तर मी पन हाय ना बगायला?"

ज्युलिएट कळशीतल्या उरलेल्या पाण्याने हात धूत होती. नखांतली माती निघेपर्यंत तिने धुतले, पदराला पुसले, आणि मग भावाकडे बघितलं.

"म्हनूनच फादर रॉबर्टना मी काल विचारून आले," ती म्हणाली. "आपल्यात चालतं म्हनाले ते आता. मी मेले की मला पुरायची नाय, जालायची. पोराला बसवून सांगितलंय तसं."

"जालायची? तुला?" जेन्सनचा आवाज चिरकला. "आपल्या घरात कोनाला जाललंय कधी?"

"आपल्या घरात कोनाला काचेत पन ठेवलं नव्हतं," ज्युलिएट म्हणाली. "माझं एक हाड तुझ्या हाताला लागायला नको."